दुखणे थांबले, दिवस परत मिळाला का?

मायग्रेनवरच्या गोळीची परीक्षा दोन तासांत उरकते. गोळी घेतल्यावर दोन तासांनी डोके दुखायचे पूर्ण थांबले का, हा औषधांच्या चाचण्यांमधला ठरलेला प्रश्न. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनातही हाच मुख्य निकष आहे. जोडीला रुग्णाला सर्वांत जाचणारे दुसरे लक्षण, म्हणजे मळमळ किंवा उजेड-आवाजाचा त्रास, गेले का एवढे पाहिले जाते. या परीक्षेत नावाजलेल्या औषधाला तरी किती गुण मिळतात? सुमाट्रिप्टानच्या ५० मिलिग्रॅमच्या गोळीवरच्या चाचण्यांचा कॉक्रेनच्या आढाव्यात एकत्र हिशेब झाला, तेव्हा दोन तासांत पूर्ण मोकळे झालेले रुग्ण शंभरात २८ निघाले, तर औषध नसलेली दिखाऊ गोळी घेऊन तसेच मोकळे झालेले ११. म्हणजे औषधाला गुण आहे, यात शंका नाही. पण उरलेल्या ७२ जणांचा पुढचा दिवस कसा गेला आणि मोकळे झालेले २८ जण तरी कामाला लागले का, यावर हा आकडा गप्प बसतो. या लेखाचे म्हणणे असे, की उपचार जमला की फसला हे ठणका किती लवकर थांबला यावर ठरवणे अपुरे आहे. तीन महिन्यांच्या हिशेबात माणसाचे किती दिवस त्याच्या हाती परत आले, हा खरा निकष. तो मान्य केला की गोळी कोणती घ्यावी, केव्हा घ्यावी, किती वेळा घ्यावी आणि रोजचे प्रतिबंधक औषध कधी सुरू करावे, या सगळ्याच प्रश्नांची उत्तरे बदलतात.

हा निकष बाहेरून लादलेला नाही, आजाराच्या व्याख्येतच तो दडलेला आहे. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणानुसार मायग्रेनचा झटका उपचाराविना ४ ते ७२ तास चालतो. डोक्याच्या एका बाजूला दुखणे, ठणके मारल्यासारखे दुखणे, दुखण्याचा जोर मध्यम ते तीव्र असणे आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने ते वाढणे किंवा हालचालच नकोशी होणे, या चारांपैकी दोन लक्षणे लागतात; सोबत मळमळ-उलटी किंवा उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणे. काम करता न येणे हे इथे आजाराच्या खुणांपैकीच एक आहे. शिवाय झटका दुखण्यापुरता नसतो. कित्येकांना आदल्या दिवसापासून जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, काहीतरी खावेसे वाटते. दुखणे ओसरल्यावरही थकवा, सुस्ती, मान धरणे आणि लक्ष न लागणे मागे राहते. रुग्णांनी रोजच्या रोज नोंदी ठेवलेल्या एका अभ्यासात शंभरातल्या ८१ रुग्णांमध्ये अशी उत्तरावस्था आढळली. सकाळी ठणका गेला म्हणून कामावर आलेला माणूस दुपारी बेरजेत चुकतो, एकच परिच्छेद तीनदा वाचतो. घड्याळ दुखण्यावर लावले, तर हा माणूस बरा झालेला असतो.

याचे ओझे मोठे आहे. जगभरच्या रोगभाराचा जो हिशेब मांडला जातो, त्यात २०१६ साली मायग्रेनचे रुग्ण सुमारे १०४ कोटी होते, आणि आजारपणात गेलेल्या वर्षांच्या यादीत हा आजार दुसऱ्या क्रमांकावर होता. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये तो दुप्पट ते तिप्पट आढळतो, आणि भर पडतो तो नेमका शिकण्याच्या, नोकरीच्या, मुले वाढवण्याच्या वयात. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बंगळुरू आणि आसपासच्या शहरी-ग्रामीण भागांत बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संशोधकांनी घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा वर्षभरात मायग्रेन होणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २५.२ टक्के निघाले, म्हणजे चौघांत एक. युरोपातल्या आठ देशांतल्या ‘युरोलाइट’ पाहणीने डोकेदुखीच्या आजारांचा आर्थिक भार काढला, तर त्यातला ९३ टक्के भाग बुडालेल्या आणि अर्धवट झालेल्या कामाचा होता. डॉक्टर, तपासण्या आणि औषधे यांचा वाटा उरलेला. जिथे नुकसान होते तिथेच मोजपट्टी लावायला हवी, हे साधे तर्कशास्त्र आहे.

अशी मोजपट्टी तयार आहे आणि ती एका कागदात मावते. वॉल्टर स्टुअर्ट आणि रिचर्ड लिप्टन यांनी तयार केलेल्या ‘मिडास’ प्रश्नावलीत गेल्या तीन महिन्यांबद्दल पाच प्रश्न असतात: डोकेदुखीने किती दिवस कामाचा किंवा शाळेचा खाडा झाला, किती दिवस कामावर असूनही निम्मे किंवा त्याहून कमी काम झाले, किती दिवस घरकाम झालेच नाही, किती दिवस ते निम्म्यावर आले, आणि किती दिवस घरच्या, मित्रमंडळींच्या किंवा विरंगुळ्याच्या गोष्टी हुकल्या. पाचही आकड्यांची बेरीज करायची. ५ पर्यंत त्रास नगण्य, १० पर्यंत सौम्य, २० पर्यंत मध्यम आणि २१ पासून गंभीर. एखाद्या शाळेतल्या शिक्षिकेचा हिशेब कल्पून पाहू. रजा फक्त दोन, कारण रजा जपून वापरायची असते. सहा दिवस तिने फळ्याकडे तोंड करून, मुलांना वाचायला बसवून तास ढकलले. चार दिवस स्वयंपाक दुसऱ्या कुणी केला किंवा बाहेरून आणला. सात दिवस कुकर लावण्यापुरते झाले, बाकी तसेच राहिले. एक बारसे, एक लग्न आणि पालकांना भेटायला जायचा एक रविवार हुकला. मुख्याध्यापकांच्या रजिस्टरात तिचे दोन दिवस गेले आहेत. मिडासच्या हिशेबात बावीस, म्हणजे सर्वांत वरची पायरी. ‘अधूनमधून डोके दुखते’ असे तिने दवाखान्यात सांगितले, तर तिला तापावरची साधी गोळी मिळेल. हा बाविसाचा आकडा पुढे ठेवला, तर डॉक्टरचे पुढचे पाऊल वेगळे असेल.

ते वेगळे असावे याला पुरावा आहे. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दोन पद्धतींची तुलना केली गेली. पायरीपायरीने चढण्याच्या पद्धतीत सगळ्यांना आधी ॲस्पिरिन आणि मेटोक्लोप्रामाइड हे उलटी रोखणारे औषध देऊन, ते पुरले नाही तरच पुढचे औषध दिले. दुसऱ्या पद्धतीत मिडासचा आकडा पाहून सुरुवातच ठरवली: त्रास कमी असलेल्यांना साधे औषध, जास्त असलेल्यांना थेट ट्रिप्टान वर्गातले. दोन तासांत पुरेसा आराम मिळालेल्या झटक्यांचे प्रमाण आकडा पाहून औषध दिलेल्या गटात सुमारे ५३ टक्के होते. पायरीने चढणाऱ्या गटांत ४१ आणि ३६ टक्के. आपल्याकडची रीत आजही बहुतेक पहिल्याच पद्धतीची असते, आणि तीही अर्धवट. मेडिकलच्या काउंटरवर मिळेल ती गोळी, ती लागू नाही पडली तर दुसऱ्या रंगाची, आणि तेही ‘बघू, जाईल आपोआप’ म्हणत दोन-तीन तास काढल्यावर. झटक्यात जठराचे काम मंदावते, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी रक्तात पोहोचायलाही उशीर लावते. ठणका सौम्य असतानाच, पुरेशा मात्रेत आणि गरजेप्रमाणे उलटीवरच्या औषधासोबत घेतलेली तीच गोळी जास्त गुण देते. ट्रिप्टान मात्र हृदयविकार, पक्षाघात किंवा आवाक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना चालत नाहीत, म्हणून हा निर्णय डॉक्टरच्या चिठ्ठीनेच व्हावा.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा, की काम हा निकष फसवा आहे. आपल्या घरांतल्या बायका डोक्याला ओढणी आवळून पोळ्या लाटतात. त्यांचे काम थांबतच नाही, मग या हिशेबात त्या ठणठणीत ठरणार का? आणि कामावरच भर द्यायचा, तर हा आजारी माणसापेक्षा मालकाच्या सोयीचा विचार झाला. आक्षेपात तथ्य आहे. नुसते खाडे मोजले तर नेमके हेच होईल. पण चांगल्या मोजपट्टीत निम्म्या ताकदीचे दिवसही येतात, घरकामाला पगारी कामाइतकेच वजन मिळते आणि हुकलेला सण किंवा हुकलेली सहलही जमेस धरली जाते. दुखणे हे स्वतःच एक यातना आहे आणि ती कमी करणे हे काम करवून घेण्यासाठीचे साधन नव्हे, हेही मान्यच. तरीही यातना सांगायला गेली की ती ‘सहन होते-होत नाही’ या वादात अडकते, आणि सहन करण्याची सवय असलेली बाई त्या वादात नेहमी हरते. दिवस मोजता येतात. तिच्या बाजूने उभा राहणारा आकडा तिच्या हाती असणे, हा या निकषाचा सर्वांत मोठा फायदा आहे.

पण आकडा काढण्याआधी आजाराला योग्य नाव मिळावे लागते. महाराष्ट्रात अर्धशिशी सर्वांत जास्त वेळा पित्ताच्या नावाखाली लपते. डोके चढते, मळमळते, उलटी झाली की बरे वाटते. मग ‘पित्त पडले’ असा निष्कर्ष निघतो आणि वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या चालतात. उलटी हा मायग्रेनचाच भाग असू शकतो, आणि काहींचा झटका उलटीनंतर ओसरतो हेही खरे, पण म्हणून जठर हे त्याचे मूळ ठरत नाही. दुसरा पडदा सायनसचा. अमेरिकेत स्वतःला ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असे समजणाऱ्या २,९९१ जणांना तपासले, तेव्हा ८८ टक्क्यांची लक्षणे मायग्रेनच्या निकषांत बसत होती. तिसरा पडदा चष्म्याच्या नंबरचा. एवढा घोळ टाळायला तीन प्रश्न बऱ्यापैकी पुरतात: डोके दुखताना मळमळते का, उजेडाचा त्रास होतो का, आणि गेल्या तीन महिन्यांत यामुळे एखादा तरी दिवस ठरलेले काम करता आले नाही का? दोन उत्तरे ‘हो’ असली तर मायग्रेनची शक्यता दाट. मात्र क्षणार्धात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी, ताप आणि मान ताठ होणे, हातापायांतली शक्ती जाणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे किंवा वेगाने बिघडत जाणारे दुखणे असेल, तर प्रश्नावली बाजूला ठेवून तातडीने दवाखाना गाठावा.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. दिवस वाचवण्यावर भर दिला तर माणूस रोज गोळी खाईल, आणि गोळ्यांनीच डोके दुखू लागेल. हा धोका खरा आहे. आधीच डोकेदुखी असलेल्या माणसाने साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामाइन, अफूवर्गातली औषधे किंवा कॅफीनसारखे घटक मिसळलेल्या संयुक्त गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी जडते. काउंटरवर सहज मिळणाऱ्या कित्येक गोळ्या संयुक्त असतात, म्हणून दहा दिवसांची रेघ नकळत ओलांडली जाते. परीक्षेच्या, लग्नसराईच्या किंवा हिशेब बंद करायच्या महिन्यात हे हमखास होते: आजचा दिवस वाचवायला घेतलेली गोळी पुढच्या महिन्यातले पाच दिवस खाते. म्हणूनच हिशेब एका दिवसाचा न ठेवता तीन महिन्यांचा ठेवायचा. त्यात गोळीचे दिवसही लिहायचे, आणि ते दहाकडे सरकू लागले की आणखी जोरदार गोळी न शोधता प्रतिबंधक उपचाराकडे वळायचे. हे वळण घ्यायला दरवेळी मोठे रुग्णालयच लागते असेही नाही. नॉर्वेत गावपातळीवरच्या डॉक्टरांनी अतिवापराची जाणीव करून देणारे थोडक्यात समुपदेशन केले, तेव्हा त्या गटातल्या निम्म्या रुग्णांची रोजच्यासारखी झालेली डोकेदुखी हटली. नेहमीचे उपचार चालू राहिलेल्या गटात हे क्वचितच घडले.

प्रतिबंधक औषधांची कथा बरीचशी योगायोगाची आहे. प्रोप्रॅनोलॉल छातीच्या दुखण्यासाठी दिले जात होते. १९६६ च्या सुमारास त्या रुग्णांपैकी एकाची डोकेदुखी कमी झाली आणि नवे दार उघडले. ॲमिट्रिप्टिलिन नैराश्यावरचे, टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट अपस्माराचे, कँडेसार्टन रक्तदाबाचे. भारतात फ्लुनारिझिनही सर्रास दिले जाते. महिन्यात चारेक दिवस झटक्यात जात असतील, किंवा त्याहून कमी दिवसांतच आयुष्य विस्कटत असेल, तर यांचा विचार व्हावा; औषध पुरेशा मात्रेत दोन-तीन महिने घेतल्याशिवाय त्याचा निकाल लावू नये. झटक्यांचे दिवस निम्म्यावर आले तर औषध यशस्वी, असा चाचण्यांचा दंडक आहे. इथेही दिवसांचा निकष जास्त प्रामाणिक ठरतो. टोपिरामेटने झटके निम्मे झाले, पण वकिलाला भर कोर्टात शब्दच सुचेनासे झाले. फ्लुनारिझिनने डोके शांत झाले, पण वजन वाढले, दिवसभर झापड राहिली आणि मन उदास झाले. तर कागदावरचे यश आयुष्यात तोट्याचे असू शकते. व्हॅल्प्रोएट तर गरोदरपणात बाळाला गंभीर अपाय करू शकते, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते टाळतात. औषधाने दिलेले दिवस आणि घेतलेले दिवस एकाच वहीत लिहिले तरच खरी शिल्लक कळते.

नव्या औषधांमुळे हा सारा काथ्याकूट निकालात निघाला, असे काहींना वाटते. शोध मोठा आहेच. लार्स एडव्हिन्सन आणि पीटर गोड्सबी यांनी १९९० साली दाखवले, की झटक्याच्या वेळी मानेतल्या शिरेच्या रक्तात सीजीआरपी नावाच्या पेप्टाइडचे प्रमाण वाढते. त्या धाग्यावरून पुढे गेलेल्या कामासाठी २०२१ चा ब्रेन प्राइझ या दोघांसह मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना मिळाला. सीजीआरपीचा मार्ग अडवणारे पहिले इंजेक्शन, एरेनुमॅब, अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले; पाठोपाठ जेपंट वर्गातल्या गोळ्या आल्या. बहुसंख्यांना ही औषधे जुन्यांपेक्षा सोसवतात. पण एरेनुमॅबच्या सहा महिन्यांच्या प्रमुख चाचणीत, १४० मिलिग्रॅमच्या मात्रेवर झटक्यांचे दिवस निम्म्याने कमी झालेले रुग्ण निम्मेच होते, आणि बिनऔषधी टोचणीवरही शंभरातल्या सुमारे २७ जणांना तेवढाच फरक पडला. महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस दुखणाऱ्या दीर्घकालीन मायग्रेनसाठी बोटुलिनम टॉक्सिन २०१० पासून अमेरिकेत मान्य आहे: डोके, मान आणि खांद्यांवर ३१ ठिकाणी टोचण्या, दर बारा आठवड्यांनी. आपल्याकडे ही औषधे येऊ लागली असली, तरी खिशाला न परवडणारी आहेत. कोणाला ती द्यावीत आणि कधी थांबवावीत, हे ठरवायलाही दिवसांचाच हिशेब लागणार.

औषधांइतकाच वेळ सल्ल्यांच्या यादीत जातो: चॉकलेट नको, ऊन नको, जागरण नको, सिनेमा नको. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ के. रविशंकर यांनी २००६ साली ९४ भारतीय रुग्णांच्या निरीक्षणातून डोक्यावरून न्हाल्यावर येणाऱ्या झटक्यांची नोंद केली. लांब ओले केस घेऊन वावरणाऱ्या कित्येक बायकांना हे ऐकून नवल वाटणार नाही. संकष्टी-एकादशीचा कडक उपास आणि त्यात बुडालेला सकाळचा चहा यांनी डोके उठते, हाही अनेकांचा अनुभव; उपाशीपोट हे झटक्याचे जुने, मान्य निमित्त आहे. मात्र सगळी निमित्ते इतकी पक्की नसतात. कोपनहेगनमध्ये ‘उजेडाने किंवा धावपळीने आम्हाला झटका येतो’ असे सांगणाऱ्या २७ जणांना मुद्दाम प्रखर उजेड आणि दमवणारा व्यायाम दिला, तर नेहमीसारखा पूर्वसंकेतांसह झटका तिघांनाच आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात एका रुग्णाच्या मेंदूचे तीस दिवस रोज चित्रण केले, तेव्हा दुखणे सुरू होण्याआधीच्या दिवसात हायपोथॅलॅमसच्या कामात बदल दिसला. म्हणजे उजेड खुपतो तेव्हा, किंवा चॉकलेट खावेसे वाटते तेव्हा, झटका कदाचित आधीच सुरू झालेला असतो आणि दोष भलत्यावर जातो. निमित्ते टाळत राहण्याचा दुसरा तोटा असा, की टाळण्याच्या यादीने आयुष्यच आक्रसते. आजाराने नेले नसते ते दिवस सल्ला नेतो. वहीत पुन्हापुन्हा सिद्ध झालेली दोन-तीन निमित्ते सांभाळावीत, झोप आणि जेवणाच्या वेळा पाळाव्यात, आणि बाकीच्यांना हळूहळू सरावावे, हा मार्ग जास्त शहाणपणाचा.

गोळ्यांशिवाय काही होते का, या प्रश्नाला आता ठाम उत्तर देता येते. स्वीडनमध्ये ९१ रुग्णांच्या चाचणीत आठवड्यातून तीनदा ४० मिनिटांचा व्यायाम, शिथिलीकरण आणि टोपिरामेट या तिन्हींत झटके कमी करण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. दिल्लीच्या एम्समध्ये १६० रुग्णांवर तीन महिने झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नुसत्या औषधांपेक्षा औषधांसोबत योग करणाऱ्यांचे झटके, दुखण्याचा जोर आणि मिडासचा आकडा हे सगळे जास्त उतरले. शंका घेणारा म्हणेल, की योग करणाऱ्याला आपण योग करतो आहोत हे ठाऊक असतेच, तेव्हा अपेक्षेचाही वाटा असणार. असणारच, पण अपेक्षेचा वाटा गोळीतही असतो. २०१४ च्या एका प्रयोगात रिझाट्रिप्टानच्या गोळीवर ‘बिनऔषधी’ असे लिहिले की तिचा गुण घटला आणि बिनऔषधी गोळीवर औषधाचे नाव लिहिले की तिचा वाढला, इतका की दोघी जवळपास सारख्याच ठरल्या. यातून योग हा औषधाला पर्याय असल्याचे सिद्ध होत नाही. एम्सच्या चाचणीतही तो औषधांच्या जोडीला होता. एवढे मात्र नक्की, की झटके नसलेल्या दिवसांत केलेल्या गोष्टींनी झटक्याचे दिवस कमी होतात.

उरतो तो हिशेबाचा सर्वांत दुर्लक्षित रकाना, दोन झटक्यांमधला काळ. पुढचा झटका कधी येईल या धास्तीने माणूस आमंत्रणे टाळतो, बढती नाकारतो, प्रवास ठरवत नाही, गोळीची पट्टी पर्समध्ये नसेल तर घराबाहेर पडत नाही. दोन तासांच्या परीक्षेत तर हे दिसतच नाही, मिडासमध्येही पुरते उतरत नाही. म्हणून डॉक्टरने तोंडी विचारायला हवे. कचेरीत आणि घरात करण्यासारखे फार महाग नाही: डोळ्यांवर येणारा दिवा हलवणे, झटक्याच्या सुरुवातीलाच गोळी घ्यायला आणि अर्धा तास अंधाऱ्या खोलीत पडायला मोकळीक असणे, दुसऱ्या दिवशी बारीक हिशेबाचे काम न देणे. ‘डोकेदुखी काय, सगळ्यांनाच असते’ या वाक्याने हे सगळे अडते. त्याला उत्तर म्हणून रुग्णाने पुढच्या भेटीला तीन आकडे न्यावेत: गेल्या तीन महिन्यांत किती दिवस गेले, किती दिवस गोळी घेतली, आणि झटका नसतानाही भीतीने किती गोष्टी सोडल्या. डॉक्टरनेही तीन महिन्यांनी हेच आकडे पुन्हा मागावेत. पहिला घटला आणि दुसरा वाढला, तर गोळ्यांवर दिवस ढकलणे चालू आहे. पहिले दोन घटले आणि तिसरा तसाच राहिला, तर उपचार अजून अर्ध्यावर आहे. मायग्रेन मुळासकट उपटणारे औषध आज नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. पण तिन्ही आकडे एकत्र खाली आणणे आज, उपलब्ध औषधांत, साध्या दवाखान्यातही बहुतेकांच्या बाबतीत शक्य आहे. ते होत नाही याचे एक मोठे कारण, ते मोजले जात नाही.